कौतिकरावांचं शून्य

कौतिकराव दाभाड्यांच्या दाराची बेल वाजवली की दार उघडत नाही. दाराशेजारची स्वयंपाकघराची खिडकी उघडते. गजांच्या आडून एक पांढरी मिशी आणि एक डोळा दिसतो आणि प्रश्न येतो, "कुणी पाठवलं?"

दूधवाला असो, कुरियरवाला असो, नाहीतर मतदार यादी घेऊन आलेल्या बाई असोत, प्रश्न तोच. एकदा माझ्या बायकोनं पुरणपोळ्या केल्या आणि ताट झाकून माझ्या हाती दिलं. मी बेल वाजवली.

"कुणी पाठवलं?"

"बायकोनं."

"कामून?"

पुरणपोळ्या का पाठवल्या, याचं कारण मला काही सांगता येईना. सण नव्हता, त्यांच्याकडे आमचं काही काम नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "जास्त झाल्या होत्या." तेव्हा कुठं त्यांचा चेहरा सैलावला. कडी निघाली. "आसं खरं बोलायचं माणसानं," म्हणाले आणि ताट आत घेतलं. मला मात्र बाहेरच ठेवलं.

आमची सोसायटी जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडे. कौतिकराव मूळ पिशोरचे. तरुणपणी शहरात आले आणि चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागले. निवृत्त होईपर्यंत त्यांचं काम एकच. समोर आलेल्या सुट्या भागाचं माप घ्यायचं आणि केसभर फरक दिसला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. "माल चांगलाय म्हनायला मला पगार नव्हता," ते सांगतात. "खोट काढायला व्हता." कारखाना सुटला, पण लाल रंगाची डबी काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही.

दुकानात 'एकावर एक फुकट' अशी पाटी दिसली की ते दुकानदाराला बाजूला घेऊन विचारतात, "पहिल्यात काय खोट हाय?" सोसायटीत एकदा मोफत रक्ततपासणीचं शिबिर झालं. आम्ही सगळे बाह्या वर करून रांगेत. कौतिकराव लांब उभे राहून त्या बाटल्यांकडे बघत होते. "एवढं रगत घिऊन चालले. इकतेत कुठं?" लिफ्ट त्यांनी कधी वापरली नाही. आणि कुठल्याही गोष्टीचा शेवट ते एकाच वाक्यानं करतात, "यात गोम हाय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. आवाजाची आणि चेहऱ्याची हुबेहूब नक्कल करून फसवतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. तेव्हापासून मुलीला आधी परीक्षा द्यावी लागते. "आपल्या पिशोरच्या कुत्र्याचं नाव काय व्हतं, सांग." ती बिचारी सांगते, मग बोलणं सुरू होतं. प्रश्न रोज नवा असतो. एकदा तिनं मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं तर यांनी फोन कट केला.

तर अशा माणसाकडे सानिया आली.

सानिया माझी जुनी विद्यार्थिनी. बजाजनगरला राहते. तिचे अब्बा वाळूजच्या कारखान्यात कामाला आहेत. शाळेत ती शेवटच्या बाकावर बसायची आणि तास संपता संपता असा एखादा प्रश्न विचारायची की मला घंटेची वाट बघावी लागायची. आता ती अर्थशास्त्रात एम. ए. करते. तिनं प्रकल्पासाठी विषय घेतला होता, निसर्ग राखण्यासाठी माणूस खिशातून किती द्यायला तयार होतो आणि त्याचा त्याच्या घरच्या उत्पन्नाशी काय संबंध असतो.

"आणि सर, निसर्ग तुमच्या सोसायटीतच आहे," ती म्हणाली.

होता खरा. आमच्या पार्किंगच्या कडेनं जुन्या चिंचा आहेत. सोसायटी बांधायच्या आधी तिथं शेत होतं, त्याच्या बांधावरच्या. त्यांच्यावर बगळे मुक्कामाला येतात आणि पावसाळ्यात घरटी करतात. संध्याकाळी सगळं झाड पांढरं होतं. सकाळी खालच्या गाड्या पांढऱ्या होतात. त्यामुळे सोसायटीत उघड दोन तट पडले होते. ज्यांच्या गाड्या चिंचेखाली, त्यांना बगळे नको होते. ज्यांच्या गाड्या दुसरीकडे किंवा ज्यांना गाडीच नाही, त्यांना पक्षी फार आवडत होते. आमचे सेक्रेटरी गायके साहेब पहिल्या तटाचे. त्यांना तिथं पत्र्याची शेड हवी होती.

मी सानियाला घेऊन घरोघर फिरलो. तिचा पहिला प्रश्न घरातल्या एकूण महिन्याच्या उत्पन्नाचा. या प्रश्नानं आमची सोसायटी एका दुपारीत गरीब झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे दोन गाड्या आहेत. ते सुस्कारा टाकून म्हणाले, "तसं हातात काही राहत नाही हो." पुढचा प्रश्न, या चिंचा आणि बगळे राखायला दरमहा किती द्याल? हा विचारला की तीच माणसं पुन्हा श्रीमंत व्हायची. पाचशे लिहा, हजार लिहा. द्यायचं नव्हतंच कुणाला, फक्त सांगायचं होतं. डॉक्टर तेवढे सरळ बोलले, "वाघांसाठी मी दरवर्षी पैसे पाठवतो. बगळ्यांसाठी नाही."

"का, डॉक्टर?" सानियानं विचारलं.

"वाघ माझ्या गाडीवर काही करत नाही."

तळमजल्यावरच्या सुशीलाबाई डबे करून देतात. त्या म्हणाल्या, "शंभर लिही पोरी. पण दर महिन्याला नाही जमायचं. जमेल तेव्हा देईन." सानियाकडच्या कागदावर 'जमेल तेव्हा' अशी चौकट नव्हती. तिनं समासात लिहून घेतलं. गायके साहेबांनी तर कळसच केला. "माझी इच्छा आहे," ते म्हणाले, "पण मी पदावर आहे."

जिन्यात सानिया म्हणाली, "सर, सगळे उत्पन्न लहान सांगतात आणि मन मोठं सांगतात. मी काय शोधून काढणार?"

शेवटी आम्ही कौतिकरावांच्या दारात उभे राहिलो. खिडकी उघडली.

"कुणी पाठवलं?"

"कॉलेजनं," सानिया म्हणाली.

"कालेजला कुणी पाठवलं?"

मी मध्ये पडलो, पण माझ्या शब्दाला तिथं काही किंमत नव्हती. तिनं ओळखपत्र गजांतून आत दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. "फोटूत चष्मा नाय."

"नंतर लागला, काका."

"कामून?"

"अभ्यास करून."

हे त्यांना पटलं असावं. ते खुर्ची घेऊन बाहेर जिन्याच्या मोकळ्या जागेत आले. स्वतः बसले. आम्ही उभे.

"उत्पन्न कामून इचारू राहिली? इन्कम टॅक्सची हायेस?"

"नाही काका. ज्याच्याकडे पैसा जास्त, तो झाडापक्ष्यांसाठी जास्त द्यायला तयार होतो का, ते बघायचंय."

"अन् ज्याच्याकडं कमी?"

"तो कमी देतो, म्हणून त्याला झाडं कमी हवी असतात असं नाही ना. तेही बघायचंय."

कौतिकरावांनी तिच्याकडे पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "हे बरं बोलली," म्हणाले, आणि आपली पेन्शन पैशासकट सांगून टाकली. त्या दिवशी आम्हाला मिळालेलं ते बहुधा एकमेव खरं उत्पन्न.

"मग काका, या चिंचा राखायला दरमहा किती द्याल?"

"शून्य."

"काहीच नाही?"

"शून्य लिव्ह. मी पाचशे म्हनलो अन् उद्या कुणी पाडायला सहाशे म्हनला, मंग? झाड त्याचं? येकदा आकडा तोंडातून गेला की सौदा सुरू व्हतो. यात गोम हाय पोरी."

सानियानं शून्य लिहिलं आणि कागद उलटला. "एकच राहिलाय. समजा, ही झाडं तोडायला तुमची परवानगी हवी आहे. परवानगी द्यायला तुम्ही किती पैसे घ्याल?"

कौतिकराव उठले. आत गेले आणि दार लावून घेतलं. खुर्ची तशीच बाहेर राहिली. खिडकी उघडेल म्हणून आम्ही थांबलो, पण ती काही उघडली नाही.

"मी काही चुकीचं बोलले का सर?" सानिया अगदी रडवेली झाली होती.

"ते असेच आहेत," मी म्हणालो. मला त्यांचा रागच आला होता. पोरीशी धड दोन शब्द बोलायला काय जात होतं?

पुढच्या सोसायटीच्या बैठकीत गायके साहेबांनी डाव टाकला. ज्यांना बगळे हवेत त्यांनी दरमहा वर्गणी द्यावी, त्यातून पार्किंग रोज धुवायला माणूस ठेवू. वर्गणी पुरली नाही, तर पावसाळ्याआधी फांद्या उतरवू. ऐकायला हे इतकं न्याय्य होतं की कुणाला विरोध करता येईना. मग वर्गणी गोळा करायला माणूस फिरला. हजारवाले लग्नाला नाशिकला गेले होते. पाचशेवाल्यांनी आधी हिशेब मागितला. डॉक्टरांनी, आश्चर्य म्हणजे, पैसे दिले आणि बदल्यात चिंचेपासून लांबची जागा मागितली. सुशीलाबाईंनी त्या महिन्यात जमले तेवढे दिले. आमच्या घरून बायकोनं दोनशे दिले आणि मला नंतर सांगितलं. कौतिकरावांकडे मात्र माणूस गेलाच नाही. जिन्यातलं बोलणं सगळ्या सोसायटीला कळलं होतं. "त्यांचं शून्य आहे," गायके साहेब म्हणाले. "लेखी आहे."

वर्गणी पुरली नाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी दोरखंड आणि यंत्राची करवत घेऊन माणसं आली. मी दूध आणायला खाली उतरलो होतो. पाहतो तर मधल्या चिंचेच्या बुंध्याला टेकून खुर्ची, खुर्चीत कौतिकराव, डोक्यावर उघडी छत्री. काळ्या छत्रीवर बगळ्यांनी सकाळपासून बरंच लिखाण केलेलं.

"कुणी पाठवलं?" त्यांनी करवतवाल्याला विचारलं.

"सेक्रेटरी साब ने."

"कागद दाखव."

"कसला कागद, चाचा? झाड तोडायचं नाहीये. छाटायचंय फक्त."

"कुठून?"

करवतवाला भला माणूस होता. त्यानं खरं सांगितलं. "खालून."

"बुडापासून छाटतो व्हय? म्हंजी न्हाव्याकडं केस कापायला बसायचं अन् त्यानं मान उतरवायची."

तोवर गॅलऱ्यांत माणसं जमली होती. गायके साहेब बनियनवरच खाली आले. कौतिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. करवतवाल्यालाच विचारलं, "मजुरी किती ठरली?"

"मजुरी नाही. लाकूड आमचं."

"आस्सं," कौतिकराव म्हणाले.

"मी सोसायटीचे पैसे वाचवले!" गायके साहेबांचा आवाज चढला. "तुम्ही तर एक रुपया द्यायला तयार नव्हता. आता कशाला मध्ये येता?"

"महापालिकेचा कागद आना. मी उठतो."

कागद नव्हता. मग बाचाबाची झाली, समजावणी झाली. गायके साहेबांनी त्यांच्यासाठी चहासुद्धा मागवला. कौतिकरावांनी कपाचा वास घेतला आणि तो खाली ठेवला. ऊन चढलं. करवतवाल्याचं दुसरीकडे काम होतं, तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिकराव पुन्हा तिथंच होते. तिसऱ्या दिवशीही. शेवटी गायके साहेबांनी महापालिकेकडे रीतसर अर्ज केला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. तोवर बगळ्यांनी काड्या गोळा करायला घेतल्या.

खरी गंमत पुढे झाली. आयुष्यभर जगावर संशय घेणाऱ्या माणसावर सगळी सोसायटी संशय घ्यायला लागली. हा फुकट उन्हात का बसतो? कुणी म्हणालं, चिंचांचा ठेका घेतला असणार. कुणी म्हणालं, मागच्या प्लॉटवाल्यानं पैसे चारलेत. डॉक्टर म्हणाले, गायके आणि हा आतून एक असतील, आपल्याकडून वर्गणी उकळायला. गायके साहेब तर मला जिन्यात गाठून म्हणाले, "सर, तुमचं त्यांच्याकडे येणं-जाणं आहे. यात त्यांचा फायदा काय, तेवढं काढा."

येणं-जाणं कसलं? मी दाराबाहेरचा माणूस. पण खरं सांगायचं तर मलाही गोम वाटत होती. पाच पैसे द्यायला तयार नसलेला माणूस अंगावर घाण घेत बसतो, हे कशात बसवायचं?

श्रावणात सानिया प्रकल्प दाखवायला आली. चांगले गुण मिळाले होते. मी वर चहाला बोलावत होतो, पण तिला आधी कौतिकरावांना भेटायचं होतं. ते खालीच होते. झाडावर पिल्लांचा नुसता कालवा चालला होता आणि ते एक घरटं बघत उभे होते.

"काका, तुमचं शून्य मी बाकीच्या शून्यात नाही धरलं," ती म्हणाली.

"कामून? कमी पडलं व्हय?"

"नाही. काही लोकांचं शून्य म्हणजे त्यांना झाडं नकोतच. काहींच्या घरी खरंच शिल्लक नसते. आणि काहींचं असतं, की याची किंमत करू नका. कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, ते वेगळं ठेवायचं. पण का वेगळं, ते मला नीट लिहिता नाही आलं. तुम्ही त्या दिवशी दार लावून घेतलंत."

मला वाटलं, आता हे उखडणार. पण कौतिकरावांनी पार्किंगच्या कट्ट्यावरची एक जागा हातानं झाडली आणि तिला बसायला सांगितलं. स्वतः शेजारी बसले. मी उभाच होतो. माझ्यासाठीही त्यांनी जागा झाडली.

"पिशोरला घरामागं आंबा व्हता," ते म्हणाले. "गोटी आंबा. चोखायचा. कमल लग्न होऊन आली तवापासून तिचा जीव त्याच्यावर. पोरीचा झोका त्यालाच बांधलेला. आमी शहरात आलो, तरी उन्हाळ्यात ती आधी मागल्या दारी जायची, मंग घरात."

"मग?"

"येक लाकूडवाला आला. मी येकटाच गेलो व्हतो गावाला. चार मानसं बसलेली. नाय म्हन्लं असतं तर संपलं असतं ना? पर मी हुशारी केली. तोंडाला यील तो आकडा सांगितला. म्हन्लं, ऐकून पळून जाईल. त्यानं खिशातून काढले अन् समोर ठेवले. आता चार मानसांत बोललेला मानूस. माघार कशी घेऊ? अन् खरं सांगतो, पोरी, आकडा बी मोठा व्हता. माझ्या पगाराच्या मानानं लई मोठा. येकदा समोर पैसे दिसले की मानूस झाडाकडं बघत नाय."

सानियानं पिशवीतून पेन काढलं होतं, ते तिनं पुन्हा आत ठेवलं.

"सुट्टीत गेलो तवा कमल गेली मागल्या दारी. उलशीक येळ उभी ऱ्हायली. आत आली अन् म्हन्ली, किती आले? मी सांगितलं. म्हन्ली, बरे आले." कौतिकरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बस. पुन्यांदा कधी विषय नाय काढला. भांडली असती तर बरं झालं असतं. मी लई वाट पाहिली, आज भांडंल, उद्या भांडंल. नाय भांडली."

चिंचेवरून एक बगळा उडाला आणि मागच्या मोकळ्या प्लॉटकडे गेला.

"त्या पैशांचं काय केलंत?" मी विचारलं.

"फ्रिज घेतला. तिलाच पाहिजे व्हता कवापासून. दूध ठेवायची, भाजी ठेवायची, शेजारनीची इन्सुलिन ठेवायची. आंबा मात्र कधी ठेवला नाय. उन्हाळ्यात मी बाजारातून आंबे आनले की परातीत पानी घ्यायची अन् त्यात टाकून ठेवायची. शेवटपस्तोर."

सानिया हळूच म्हणाली, "आणि फ्रिज, काका? काढून टाकला?"

"काढतो कशाला?" कौतिकराव वर घरट्याकडे बघत म्हणाले. "चालू हाय की अजून. येकदा बी बिघडला नाय. लई चांगला माल निघाला."